ये बाय

शेजारची बाई बोटींचा ठावठिकाणा घेणारा सर्व्हर घरातच चालवते. प्रोग्राम तिनंच लिहिलाय. एखादी बोट जोडली गेली की पडद्याला म्हणते, "ये बाय." यंत्राशी कसलं बोलायचं, असं मी तिला तोंडावर सांगितलंय.

परवा वारा सुटला, तसा मी तिच्याकडे धावलो. सगळ्या बोटी जोडल्या गेल्या, माझ्या मुलाची नाही.

"पोर्ट उघडा आहे," ती म्हणाली.

"मग जयगडला फोन लाव!"

"बंदर नव्हे, तात्या. प्रोग्रामचं दार. तुमच्या पोराची हाक आली तर ऐकायला हवी."

वीज गेली. इन्व्हर्टर टिकावा म्हणून तिनं फ्रिजची वायर उपटली.

"मासळी नासेल गो."

"नासू दे."

शेवटी पडद्यावर मुलाच्या बोटीचा नंबर उमटला. ती पडदा माझ्याकडे वळवून म्हणाली, "तात्या, तुम्ही म्हणा."

मी यंत्राशी बोलत नाही.

"ये बाय," म्हटलं.