इंजिनाचा कान

कुणी तिखटमीठ लावून तुमच्या कानावर घालायच्या आत मीच सांगते. चूक माझी, फजिती माझी, मग सांगायचा मान दुसऱ्याला का देऊ?

होटगी रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. आमचे मालक वारले तेव्हा सगळे म्हणाले, बाई आता गाळा भाड्यानं देईल. मी पान्हा हातात घेतला. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शिकले ती स्पेअर पार्टच्या खोक्यांवरून, त्यामुळे 'गॅस्केट' आधी वाचता आलं, 'गुड मॉर्निंग' नंतर. आणि माझी तपासायची रीत ठरलेली. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, की आत कुठं दुखतंय ते कळतं. डॉक्टर नळी लावतात ना, तसंच.

तर मंगळवेढ्याच्या एक डॉक्टरीणबाई आपली टर्बोची गाडी घेऊन आल्या. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा. बाईंनी तो मोठा बसवून घेतलेला, आणि गाडीतल्या कंपनीच्या कॉम्प्युटरला तो काही आवरेना. म्हणून बाहेरचा नवा डबा आणला होता. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं आता तो डबा ठरवणार.

माझा मुलगा प्रकाश तिथंच उभा होता. त्याचा मोबाईलचा धंदा आहे आणि डोळा माझ्या गाळ्यावर.

"आई, हे तुझं काम न्हाय. ह्याला शिकलेला माणूस लागतो."

"मग इतकी वर्षं मी हितं पोहे परतत हुते का?"

"आणि जमलं न्हाय तर?"

कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवून मी म्हटलं, "तर ह्या तुझ्या. मी घरी बसून वाती वळते."

बोलून गेले. जिभेला ब्रेक नाही, हा आमच्या घराण्याचा जुना दोष.

तीन दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघून मी वायरी जोडल्या. प्रत्येक वायरीला दवाखान्यातली चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. गरमी बघणारी ती 'ताप', हवा मोजणारी ती 'नाक'. आणि एक छोटा पार्ट इंजिनालाच घट्ट बसवायचा असतो. आत ठोका पडला, ज्याला आम्ही नॉक म्हणतो, की तो ऐकतो आणि डब्याला कळवतो. मग डबा इंजिन वाचवायला त्याचा जोर काढून घेतो. त्याच्या वायरीला मी नाव दिलं 'कान'. हे लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी अल्ताफ आला. डब्याला लॅपटॉप जोडून त्याला हे इंजिन शिकवायचं काम त्याचं. गाडीत बसून त्यानं चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. मी प्रकाशकडं असं बघितलं की त्यानं पाणी प्यायचं निमित्त काढलं.

अल्ताफनं पाय दाबला. इंजिन चढलं, चढलं, आणि भस्सकन बसलं.

"अम्मा, नॉक येतंय."

"माझ्या इंजिनात?" मी पेचकस टेकवूनच उभी होते. कान लावला. खरंच की. टिक, टिक, टिक.

"पेट्रोलात भेसळ हाय," मी निकाल दिला. टाकी रिकामी केली, दुसरीकडचं पेट्रोल भरलं. पुन्हा इंजिन चालू, पुन्हा पेचकस, पुन्हा टिक टिक. प्लग बदलले. टिक टिक. 'कान' काढून पुसून बसवला. टिक टिक.

"तुझा लॅपटॉपच ठोकत असंल."

"त्याला हात न्हाईत अम्मा."

एकदा रस्त्यावर चालवून बघू, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "नक्को. जागेवर ठोकणारी गाडी माझ्या दारातनं भाईर जात न्हाय." नियम म्हणजे नियम. नियम मोडला असता तर दहा मिनिटांत सुटले असते, पण मग मी कसली?

दुपार कलली. प्रकाश आला, गाळ्याची रुंदी पावलांनी मोजत. "आई, डॉक्टरीणबाई निघाल्यात तिकडनं. काय सांगू?"

पेचकस फडक्यावर ठेवला, बाजूला गेले आणि कमरेचा जुडगा सोडायला लागले. गाठ सुटेना.

तेवढ्यात मागं इंजिन गरजलं. चढलं, चढलं, चढतच गेलं. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या दारातलं कुत्रं उठून पळालं.

मी धावत गेले. "काय केलंस रे?"

"काय सुदिक न्हाय." अल्ताफ माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अम्मा, पेचकस टेकवा की परत."

टेकवला. भस्स. उचलला. घुर्रर्र. टेकवला. भस्स.

मग त्यानं नुसतं माझ्या मनगटाकडं बोट केलं. दोन पाटल्या, चार बांगड्या. इंजिनाच्या थरथरीनं त्या पेचकसाच्या लोखंडावर आपटत होत्या, टिक, टिक, टिक. ज्याला 'कान' म्हणून मीच पट्टी लावली, त्या कानाशी मीच दिवसभर टाळ वाजवत बसले होते. बिचारा डबा दर वेळी प्रामाणिकपणे कळवत होता, की ठोका पडतोय. पडतच होता!

"काय झालतं?" प्रकाशनं विचारलं.

अल्ताफच्या जागी मी असते, तर अख्ख्या होटगी रस्त्याला ऐकवलं असतं. दिवसभर मी त्याला काय काय बोलले होते. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "एक जुना पार्ट इंजिनाला खेटत हुता भाऊ. बाजूला केला."

"जुना हाय तर टाकून दे की."

"टाकायचा न्हाय. अस्सल हाय, आता मिळत न्हाय असला. गॅरेज त्याच्यावरच चालतंय."

माझ्या डोळ्यांत पेट्रोलचा वास गेला. दिवसभर गेला नव्हता, तेव्हाच गेला. ह्या वयात लोक मला मान देतात, म्हणजे बसायला खुर्ची देतात. ह्या माणसानं मला उभं राहू दिलं. मी जुडगा परत कमरेला खोचला आणि त्याच्यासाठी चहा सांगितला, आलं जास्त घालून.

बाई आल्या, गाडी एक फेरी फिरवून आणली आणि खूश झाल्या. जाताना त्यांना अल्ताफनं तेच सांगितलं, जुना पार्ट खेटत होता म्हणून. डॉक्टरच त्या, काळजीनं मला विचारायला लागल्या, "आजी, तो पार्ट परत त्रास देणार नाही ना?"

पाटल्या पदराखाली झाकत मी म्हटलं, "त्याची गॅरंटी मी देत न्हाय, बाई."