सवयीचा गोल
मुठीतल्या गुलालाचा वास आला की मला सेमीफायनलची ती दुपार आठवते. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सगळ्यात चपळ फॉरवर्ड त्या हंगामात शेजारच्या पेठेनं जास्त पैसे देऊन नेला होता. राहायला मात्र तो आमच्याच गल्लीत. सामना त्याच पेठेशी, आणि मैदानाच्या गॅलरीत आम्ही घसा फुटेस्तोवर त्याला शिव्या घालत होतो. शेवटी शेवटी त्यानं दोघांना चकवून डाव्या पायानं असा बार काढला की जाळी फाटायचीच राहिली! आणि आमची अख्खी गॅलरी सवयीनं "गोऽऽल!" करत उठली. गुलाल उडाला, हलगी कडाडली, तोही सवयीनं हात पसरून आमच्याकडंच पळत आला. कुंपणापाशी पोचल्यावर त्याच्या आणि आमच्या एकदमच ध्यानात आलं, गोल आमच्यावरच झालाय! आमचे म्हातारे वस्ताद ओरडले, "आरं, इकडं कुठं? तिकडं जा की, पैसं त्येंनी दिल्यात!" आमचाच गुलाल अंगावर घेऊन तो मागं वळला. परवाच्या सामन्यात बाहेरून आणलेल्या आमच्या नव्या फॉरवर्डनं गोल मारला आणि तो थेट कॅमेऱ्याकडं पळाला. आम्ही जिंकलो, पण माझी गुलालाची मूठ मिटलेलीच राहिली.