एकटीचा ग्रुप

रुखवतकाकू रस्त्यात चालता चालता मध्येच थांबायच्या आणि मोबाईल तोंडाजवळ धरून बोलायला लागायच्या. पलीकडे कोणी नसायचं. नेवाशाच्या आमच्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाई कुणाशी तरी भांडतायत. "लिंबाच्या साली वाळल्या की वाटीसारख्या व्हत्यात. बारक्या वाट्या. भातुकलीला बऱ्या," असं काहीतरी बोलून त्या बटणावरचं बोट काढायच्या आणि पुढे चालू लागायच्या. तोवर मागची मोटरसायकल हॉर्न वाजवून कंटाळलेली असायची.

लग्नात नवरीकडून मांडायचं रुखवत त्या कोणी सांगेल तसं करून द्यायच्या, म्हणून रुखवतकाकू. पण "सांगेल तसं" हे नावालाच. त्या आधी नवरा मुलगा काय करतो, गाव कुठलं, सासूला काय आवडतं हे सगळं विचारून घ्यायच्या आणि मग स्वतःच्या मनाचं करायच्या. शिर्डीच्या विमानतळावर नोकरी असलेल्या जावयासाठी त्यांनी करंज्यांना पापडाचे पंख लावून विमानं केली होती. राळेगणसिद्धीकडे दिलेल्या एका मुलीच्या रुखवतात कुरडयांचे बांध एकाखाली एक उतरवून तळाशी खडीसाखरेचं तळं केलं होतं. वऱ्हाडी मंडळी जेवण सोडून ते तळं बघत उभी होती, असं काकूच सांगायच्या.

वस्तू मांडून झाल्या की त्या प्रत्येक वस्तू बोटाने किंचित फिरवायच्या. कितीही घाई असो, हे चुकायचं नाही. "सरळ ठेवलं की दुकान वाटतंय. जरा तिरकं ठेव, मग घर वाटतंय." दुकानातून तयार रुखवत आणणाऱ्यांबद्दल त्या फक्त एवढंच म्हणायच्या, की हे म्हणजे शेजाऱ्याची सून वरातीत फिरवण्यासारखं आहे.

त्यांच्या मोबाईलच्या या नादाला मी कारणीभूत आहे. आधी त्या सुचेल ते कॅलेंडरच्या मागे, साबणाच्या खोक्यावर, दुधाच्या पिशवीवर लिहून ठेवायच्या आणि मग ते सापडायचं नाही. "सुचलेलं म्हंजे उतू येणारं दूध हाय. तितल्या तितं फुंकर घातली न्हाई तर गेलं." तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या आमच्या दारात मोबाईल घेऊन आल्या. मी गल्लीतली एकटी इंग्लिश मीडियमची, म्हणजे मला सगळी यंत्रं येतात असा त्यांचा समज. मी कोणाशी बोलत नाही म्हणून त्या मला 'मुके' अशी हाक मारायच्या. मला राग यायचा नाही. खरं तर घराबाहेर मला हाक मारणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मी त्यांना मेसेजचा एक ग्रुप करून दिला. नाव त्यांनीच सांगितलं, 'डोक्यातलं'. फोटो टाकायचा, त्याखाली एखादं छोटं चित्र टाकायचं, आणि त्याबद्दल बोलून ठेवायचं. नारळाचं चित्र म्हणजे खाण्याच्या वस्तूंचं, कानाचं चित्र म्हणजे ऐकलेला उखाणा, हत्तीचं चित्र म्हणजे मनूचं. मनू त्यांची मुलगी. चार वर्षांची असताना कुणाच्या तरी लग्नात 'माझ्या रुखवतात हत्ती पाहिजे' म्हणून मांडवभर लोळली होती. तेव्हापासून काकू तिच्या रुखवतासाठी सुचलेलं बाजूला काढून ठेवत होत्या. चित्र शोधायला टाकलं की त्या खणातलं सगळं समोर येतं, हे दाखवल्यावर त्यांनी ते दहा वेळा करून बघितलं. "आगं, म्हंजे डोक्यालाच कप्पे पाडले की."

ग्रुप एकटीचा करता येत नाही, आधी कोणाला तरी घ्यावं लागतं. म्हणून मी स्वतःला घेतलं आणि म्हटलं, आता मला काढून टाका. त्यांनी हात झटकला.

"तुला कशाला काढू? तू हायेस काय आन् न्हाईस काय."

त्या हसत म्हणाल्या. मी पण हसले. घरी आल्यावर ते वाक्य बराच वेळ डोक्यात राहिलं. त्यात लागण्यासारखं होतं, आणि मोकळं वाटण्यासारखंही होतं. असून नसणं मला जमत होतं.

आवाज आपोआप येऊन पडायचे, ते मी भांडी घासताना ऐकायची. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून आलेला एक अजून पाठ आहे. म्हशी ओरडतायत, आणि एक व्यापारी वैतागून विचारतोय, "बाई, म्हस घ्यायची हाय का निस्ता फोटू?" काकू शांतपणे म्हणतात, "शिंगं तेवढी दाखवा." मग त्याला पुन्हा पुन्हा उपरण्याखाली हात घालून बोटांनी सौदा करून दाखवायला लावतात. त्या महिन्यातल्या एका रुखवतात खारकांच्या गाई, काळ्या मनुकांच्या म्हशी, लवंगांची शिंगं असा सगळा बाजार भरला होता, आणि मधोमध दोन बाहुले रुमालाखाली हात घालून उभे होते.

फोटो मात्र मी उतरवून घेत नव्हते. माझा मोबाईल स्पर्धा परीक्षेच्या नोट्सनी भरलेला. दिवसाला वीस-वीस फोटो यायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी फोटो आपोआप उतरणं बंद केलं. ते धूसर चौकोन म्हणून यायचे, मध्ये एक बाण. बाण दाबला की दिसतं. मी दाबत नसे. फोटो त्यांच्याकडे होतेच. माझं तिथे काय काम होतं?

या वैशाखात मनूचं लग्न ठरलं, पारनेर तालुक्यात. काकूंनी बाकीच्या ऑर्डरी बंद केल्या. तारखेच्या बारा दिवस आधी सकाळी त्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो काढत होत्या. पाण्याच्या टाकीच्या काठावर टेकल्या आणि तिथेच कोसळल्या. मोबाईल टाकीत पडला. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, झटका आहे, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुरुस्तीवाल्याने मोबाईल उघडला, मान हलवली आणि परत दिला. फोटो दुसरीकडे कुठे साठवलेले असतील तर मिळतील म्हणाला. काकूंचं खातं मोबाईल घेतला त्या दिवशी दुकानातल्याच कोणीतरी उघडून दिलं होतं. पासवर्ड काय, हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे कोणीच विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी मनू आमच्याकडे आली. बंद पडलेला मोबाईल तिच्या मुठीत होता. तिला रुखवताची हौस म्हणून नको होतं. आईच्या डोक्यातलं आता आईकडेही राहिलेलं नव्हतं, ते कुठेतरी असावं, एवढंच तिला हवं होतं.

"आई म्हनायची, मुकी हाय ग्रुपात. तुझ्याकडं आसंल ना सगळं?"

मी हत्तीचं चित्र शोधायला टाकलं. एकामागून एक धूसर चौकोन येत गेले. मनूने स्वतःच एकावरचा बाण दाबला. फिरलं, थांबलं, आणि खाली इंग्रजीत ओळ आली. मी तिला मराठीत सांगितली: हा फोटो आता इथे नाही, पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा.

मनूने मुठीतल्या मोबाईलकडे पाहिलं. मग दुसरा बाण दाबला. मग तिसरा. ती एकेक दाबत गेली. मी तिचा हात धरायला हवा होता, पण मी पडद्याकडेच बघत राहिले. मध्ये एक फोटो होता तो धूसर नव्हता. तो येण्याआधी मी मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, बॅटरी संपत आलीये. बॅटरी भरलेली होती.

आवाज होते. बासष्ट फोटोंचे बासष्ट आवाज. पण काकू बोलायच्या ते फोटो समोर धरून. "हे असं वळवायचं, पन उलटं." "ह्याच्या मागं ते परवाचं लावायचं." हे, ते, असं. एक आवाज मनूने चार वेळा ऐकला. "मनूच्या हत्तीची सोंड कशाची करायची ते घावलं एकदाचं. इतकी वर्सं कुरडई मोडत व्हती, गाजर सुकत व्हतं. हे बघ. हे." समोर तपकिरी, लांबट, थोडा वाकलेला डाग.

तीन दुपारी आम्ही दवाखान्यात काकूंच्या उशाशी बसलो. मी धूसर चौकोन मोठा करून त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची, त्यांचाच आवाज लावायची, आणि मनू विचारायची: शेवग्याची शेंग? चिंच? केळफुलाचं साल? हो असेल तर काकूंनी डोळे उघडे ठेवायचे, नाही असेल तर मिटायचे, असं ठरलं होतं. प्रत्येक वेळी मिटायच्या. त्यांना फक्त एक शब्द येत होता, "ते." डावा हात वर करून "ते, ते" म्हणायच्या, बोट माझ्याकडे, मोबाईलकडे, खिडकीकडे भिरभिरायचं. मी पेन्सिल दिली, कागदावर गुंता झाला. मनूने डब्यातून मळलेली कणीक आणली. डाव्या हाताने त्यांनी ती दाबली, लांबवली, वळवायला गेल्या आणि ती चादरीवर पडली. स्वतःचा धडधाकट आवाज ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सोळाव्या फोटोला नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर मनू म्हणाली, "तू ऐकत व्हतीस ना सगळं?"

मी हो म्हटलं.

"तीन वर्सं ऐकलंस. येकदा तरी विचारायचंस तिला, काकू, हे म्हंजे काय."

ती रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. मी मोबाईल काढला आणि लपवलेला फोटो तिच्यापुढे धरला. रस्त्यावरून काढलेली आमच्या घराची खिडकी होती. गजांमागे पुस्तक घेऊन बसलेली मी.

"हा कसा काय उघडला?" मनूने विचारलं.

"मी उघडला होता," मी म्हटलं. "त्यात मी होते म्हणून."

इतक्या सगळ्या फोटोंत मी तेवढाच एक बाण दाबला होता. धूसर चौकोनातही आपली खिडकी ओळखता येते.  मनूने त्या फोटोचा आवाज लावला. "ही आमची मुकी. मनूच्या रुखवतात हिला बी बसवायची. गज शेवयांचे. डोकं सुपारीचं. डोळे मोठे काढायचे, तोंड काढायचं न्हाई. हिला सगळं दिसतंय." मनूने पुन्हा लावला. मग मोबाईल माझ्या मांडीवर ठेवून उठली.

"मग हे तूच कर. येवढं तरी आईचं आसूं दे."

मी आयुष्यात काही केलेलं नव्हतं. शेवया मोडल्या, चिकटल्या, सुपारी घरंगळून पलंगाखाली गेली. चार दिवसांत एक वीतभर खिडकी झाली, वाकडी. डोळे मी लहान काढले होते, ते पुसून मोठे केले.

लग्नात लांब टेबल मांडलं होतं. मनूच्या मावशीने नगरहून तयार रुखवत आणलं होतं, थर्माकोलचा बंगला, मण्यांचं तुळशीवृंदावन, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले लाडू. सगळं रांगेत, सरळ. टोकाला माझी खिडकी. बायका बंगल्याजवळ फोटो काढून घेत होत्या. काकूंना दोन तासांसाठी चाकाच्या खुर्चीवर आणलं. त्यांनी टेबलाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पाहिलं. मनूच्या लहानपणापासून साठवलेलं तिचं रुखवत त्या शोधत होत्या, हे त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मला कळत होतं. मग नजर खिडकीवर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. डावा हात हळूहळू वर आला, टेबलापर्यंत गेला, आणि एका बोटाने त्यांनी खिडकी किंचित फिरवली.

एवढंच. बाकीच्या कशालाही त्यांनी हात लावला नाही.

पोळ्याच्या आसपास काकू गेल्या. खिडकी मनूकडे आहे. शेवया कधीच्या गळाल्या असतील. नंतर त्यांचा नंबर बंद झाला, आणि एके दिवशी 'डोक्यातलं' वर ओळ उमटली, की त्या ग्रुप सोडून गेल्या. आता तो खरंच एकटीचा ग्रुप आहे.

बाजारात गेले की तपकिरी, लांबट, वाकलेलं काही दिसलं तर मी रस्त्यातच थांबते. मागून हॉर्न वाजतो. वाळलेला घेवडा, आवळ्याची फांदी, सुंठ. प्रत्येकाचा रंग त्या डागाशी ताडून बघते. अजून जुळलेला नाही. कधी जुळला, तरी डोळे उघडे ठेवून हो म्हणणारं आता कोणी नाही.

माझ्या मोबाईलमध्ये फोटो आता आपोआप उतरतात. त्याच दिवशी, दवाखान्याच्या बाकावर, मनू उठून गेल्यावर मी ते चालू करून ठेवलंय.