चूक काशिरामची नव्हती

पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर हसन पेणकरचं कमानीचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझं सुट्या भागांचं दुकान. ट्रकच्या कमानीत एकावर एक बसवलेले पोलादी पाटे असतात. हसन त्यावर हातोडीने एक टोला मारायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठला पाटा आतून तडकलाय. खोपोलीपासून उरणपर्यंतचे ड्रायव्हर त्याच्याकडे गाडी आणून निमूट बाकावर बसत. माप घेताना मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याची गरज नाही असं त्याला वाटायचं, आणि आम्हा सगळ्यांनाही.

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये उलव्याच्या कृष्णाबाई कडू आपली पिकअप घेऊन आल्या. नवरा गेल्यावर त्यांनी ही गाडी घेतली होती. रोज सकाळी गावातल्या सात-आठ बायका मासळीच्या पाट्या घेऊन मागे बसत आणि गाडी पनवेलच्या बाजारात येई. गाडी चालवायचा त्यांचा भाचा काशिराम. पंचविशीतला, अबोल, गाडी उभी केली की टायरला हात लावून बघणारा.

"मिस्त्री, गाडी वर उचलून द्या," कृष्णाबाई म्हणाल्या. "बांधाचा रस्ता पार उखडलाय. पाट्या भरल्या की मागून खाली घासते."

हसनने त्यांना नीट समजावून सांगितलं. त्या बाबतीत तो कधी आळस करत नसे. जुन्या कमानीत दोन पाटे वाढवले तर काम आज होईल, पण गाडी कडक होईल, रिकामी असताना ढेकळावरूनही उडेल. त्यापेक्षा जास्त वाकाची नवी कमान टाकली तर गाडी दोन-अडीच इंच वर येईल आणि मऊही राहील.

"बायका मागं बसतात. मऊच टाका," कृष्णाबाई म्हणाल्या.

जॅकवर चढवल्यावर मागची चाकं खाली लोंबत होती. कृष्णाबाई पदर खोचून खाली वाकल्या, कमानीशेजारचा शॉकअप, म्हणजे हिसके झेलणारी नळी, हाताने चाचपला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, कमान वर गेली तर ही नळी पुरंल का? आताच ताणल्यावानी दिसते."

गॅरेजमध्ये चार ड्रायव्हर बसले होते. हसनने त्यांच्याकडे बघत डोळा बारीक केला. "मावशी, तुम्ही आम्हाला कोळंबीचा भाव सांगा. नळीचं काय ते हसनवर सोडा."

सगळे हसले. मीही हसलो. कृष्णाबाई उभ्या राहिल्या, हात पुसले आणि बाकावर जाऊन बसल्या.

खरं म्हणजे त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. गाडी उंच केली की शॉकअपही लांब लागतो. चाक खड्ड्यात गेलं की आखूड शॉकअप पुरता ताणला जातो, आणि सगळा हिसका त्याच्यावरच बसतो. दुपारी मी हसनला हळूच म्हटलंही, "लांब जोडी माझ्याकडे नाही. मुंबईहून मागवतो, तीन दिवस लागतील."

"संध्याकाळी गाडी देतो म्हणालोय," तो म्हणाला. "आणि आता बदलले तर बाई म्हणेल, मीच सांगितलं होतं."

जुनेच शॉकअप परत बसले.

बारा दिवसांनी सकाळी उलव्याच्या बांधावर, खाडीकडच्या वळणावर पिकअप उलटली. मागच्या बायका चिखलात फेकल्या गेल्या. बहुतेकींना खरचटलं, पण सखूबाई नावाच्या पन्नाशीच्या बाईचं मांडीचं हाड मोडलं. काशिरामचा डावा हात मनगटापाशी मोडला.

चार दिवसांनी गाडी दोरीने ओढत हसनकडे आणली. तो खाली सरकला. मी बाजूला बसून बॅटरीचा उजेड धरला होता. उजवा शॉकअप वरच्या कडीपासून तुटून लोंबत होता. तुटलेली जागा लांबलेली होती, ओढून ओढून तुटावी तशी. हसन बराच वेळ त्याकडे बघत पडून राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरी विझवली.

बाहेर आल्यावर कृष्णाबाईंनी विचारलं, "काय झालं व्हतं, मिस्त्री?"

हात प्लास्टरमध्ये घेऊन काशिराम त्यांच्यामागे उभा होता.

हसन चिंध्यांना हात पुसत म्हणाला, "वेगात असेल गाडी. वळणावर खड्डा दिसला नसेल पोराला."

"मावशी, मी हळू व्हतो," काशिराम म्हणाला. "मागून गाडी उडाली. आवरलीच नाय."

कृष्णाबाई त्याच्याकडे वळल्या. "मिस्त्री काय खोटं बोलंल?" त्यांनी हात पुढे केला आणि त्याने खिशातून किल्ली काढून दिली.

नंतर माझ्यामार्फत मुंबईहून लांब शॉकअप मागवून हसनने ते गुपचूप बसवले आणि तुटलेला मागच्या भंगारात टाकला. कृष्णाबाईंनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. काशिराम पिऊन चालवत होता, असंही बाजारात कुणीतरी म्हणालं. तो तर सुपारीलाही शिवत नसे.

हात बरा झाल्यावर तो बंदरावर मिठाच्या गोण्या उचलायला लागला. पनवेलला आला की गॅरेजवरून जाताना नेहमीसारखा हात वर करायचा, "सलाम मिस्त्री!" हसन तेवढ्यात खाली वाकून काहीतरी शोधायला लागायचा. पुढे पुढे काशिराम लांबून दिसला की तो गॅरेजच्या मागच्या दारी जाऊन उभा राही. हसनची बायको गुलशन एकदा माझ्याकडे येऊन विचारून गेली, "अवधूतभाऊ, यांना काय झालंय? जेवताना घास हातातच राहतो." मी म्हणालो, काम जास्त आहे. हेही खोटंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ओवे गावचा एक जण टेम्पो घेऊन आला. "उलव्याच्या बाईची केलीत तशी माझी पण उचलून द्या," तो म्हणाला. हसनने हातातला पाना खाली ठेवला. "आज नाही," म्हणाला आणि मागे जाऊन भंगार उपसायला लागला. थोड्या वेळाने तो तुटलेला शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दुकानात आला.

"चल माझ्याबरोबर. एकटा गेलो तर अर्ध्या वाटेतून परत येईन."

एसटीने उलव्याला गेलो. कृष्णाबाई ओटीवर सुके बोंबील निवडत होत्या. हसनने चपला काढल्या, शॉकअप त्यांच्यासमोर ठेवला आणि उभ्यानेच बोलला, "मावशी, गाडी याच्यामुळे उलटली. तुम्ही विचारलं होतं आणि मी तुम्हाला हसलो. नंतर खाली बघितलं तेव्हाच मला कळलं होतं. पोराचं नाव घेतलं ते मी स्वतःला वाचवायला."

कृष्णाबाईंनी शॉकअप उचलला नाही.

"काशीची किल्ली मी काढून घेतली," त्या म्हणाल्या. "बहिणीचा पोर माजा. त्याचं नाय ऐकलं, तुमचं ऐकलं." मग आवाज चढला. "माज्याकडं कशाला आलात? त्याच्याकडं जा!"

काशिराम बंदरावर गोणीला टेकून बसला होता. हसनने तेच पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता. काशिराम खाली बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने डोळे पुसले.

"मिस्त्री, मना रोज ते वळण दिसतं," तो म्हणाला. "तुमी म्हणालात म्हणून मीच म्हणायला लागलो, वेगात व्हतो काय? डोळा लागला व्हता काय? सखूमावशीच्या घरी जाऊन पाया पडून आलो मी. कबूल करून आलो."

हसन त्याच्यासमोर जमिनीवर बसला. मला तिथे उभं राहवेना, मी खाडीकडे तोंड केलं.

"मना एकट्याला सांगून काय?" काशिराम म्हणाला. "बाजारात सांगा. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात, ऐन गिऱ्हाइकांच्या वेळी, हसनने ते सांगितलं. एक बाई त्याला तोंडाला येईल ते बोलली. दुसरीने माशाचं पाणी त्याच्या पायावर ओतलं. तो हलला नाही. लांब जोडी मागवायला मी सांगितलं होतं आणि नंतर मीही गप्प बसलो, हे त्याने काढलं नाही. मी त्याच्यापासून चार पावलांवर होतो. मला बोलता आलं असतं. मी तेव्हाही बोललो नाही.

सखूबाई काठी शेजारी ठेवून टोकाला बसली होती. हसन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती गिऱ्हाइकाला बांगडे मोजून देत होती. ते झाल्यावर तिने वर पाहिलं. "बाजूला व्हा मिस्त्री, उजेड अडतोय," एवढंच म्हणाली.

कृष्णाबाईंनी काशिरामला किल्ली परत दिली, पण त्याने ती घ्यायला पावसाळा जाऊ दिला. बायका पुन्हा त्याच्या मागे बसू लागल्या. सखूबाई मात्र त्या पिकअपमध्ये परत कधी चढली नाही. ती पाटी घेऊन एसटीने यायची आणि कंडक्टर तिला वर चढायला हात द्यायचा.

हसनचं गॅरेज पुढे बरीच वर्षं चाललं. गाडी उंच करायचं काम आलं की तो चाक लोंबतं ठेवून टेपने शॉकअप मोजायचा आणि आकडा मोठ्याने गाडीवाल्याला वाचायला लावायचा. काशिरामच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा हसनने गुलशनला पाठवलं. स्वतः गेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तो मला मानाने पुढे बसवेल रे. तेच नको."