शेपटी हलली की सुई बसली

मी शिकवत असे त्या पाचवीच्या वर्गात एका मुलीच्या तळपायात काटा मोडला होता. शेजारच्या बाकावरची मुलगी खाली बसली, केसांतली पिन काढली आणि काटा बाहेर आणून दाखवला. जिचा पाय होता तिला तोवर कळलेही नव्हते. त्या दिवशी मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. बोलणे कमी, हात स्थिर.

पुढे तिचे वडील हातापायांतली ताकद जाऊन वारले, म्हणून तिने त्याच आजारावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. गुंगी दिलेल्या उंदरांच्या कण्यात ती सुई देते. सुईतून आरएनए जाते. बिघडलेले जनुक पेशीला जो चुकीचा निरोप धाडते, तो वाटेतच गप्प करणारे. रक्तातून ते मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून कण्याभोवतीच्या पाण्यात सोडायचे. सुई जागेवर बसली की उंदराची शेपटी झटकन हलते.

"तेवढंच बघायचं असतं, बाई," ती मला म्हणाली होती.

धाकटा भाऊ तिला उंदीरमामी म्हणे. एका वर्षी त्याच्या हातून कप निसटू लागले, चालताना चप्पल मागे राहू लागली. तपासणीत वडिलांचाच आजार निघाला.

"उंदरांना गुण येतोय," ती त्याला म्हणाली.

"उंदराला मांजर साक्ष. मला दे की एक सुई, ताई."

"तुला शेपूट कुठंय?"

मग तेच औषध माणसांना देऊन बघायचे ठरले आणि त्याचा नंबर लागला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचे पाणी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसते. सुईच्या दिवशी ती आत होती, मी बाहेर बाकावर. आतले मला भावाने सांगितले.

"बाई, डॉक्टर पाठीत सुई घालतायत आणि ही टक लावून माझ्या पायांकडे बघतेय."

"सवय," ती म्हणाली.

जिन्यात मी विचारले, "माणसाचा पाय हलतो का गं?"

"नाही. हलायला नकोच." दोन पायऱ्या उतरून म्हणाली, "तरी बघत होते."

चाचणी संपेपर्यंत तो श्वासाच्या यंत्रावर गेला होता. त्याला मिळत होते ते पाणी, असे तेव्हा कळले. आता खरे औषध मिळेल का, असे तिने विचारले. यंत्रावरच्या माणसाला देता येत नाही, असा नियम निघाला. तिने मान हलवली आणि त्याची फाइल पिशवीत घातली.

"राग येत नाही का तुला?" मी विचारले.

"कोणाचा, बाई? मीही निम्म्या पिंजऱ्यांना पाणीच देते. कुठल्या, ते मला सांगत नाहीत."

सकाळी ती भावाला कूस बदलून देते, यंत्राची नळी पुसते आणि प्रयोगशाळेत जाते.