दोन्ही ग्रुपची जादूगारीण

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी दुसरीत होते. औशाकडचं गाव. आमच्या घरातली माणसं वाचली, भिंती राहिल्या नाहीत. पुढची काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा, की आई आम्हा भावंडांना घेऊन बाभळीखाली बसायची आणि भाकरीही तिथंच थापायची. बाप नव्या गावठाणात घरं बांधायच्या कामावर होता, आधी विटा उचलायला, मग गिलाव्याला. शाळाही पत्र्याचीच. पाऊस आला की गुरुजींचा आवाज बुडायचा आणि ते हातानंच खूण करायचे, वाचा. आपलं आपण वाचायची सवय मला तिथं लागली, आणि तिचा मला अभिमान आहे.

दहावीला केंद्रात पहिली आले म्हणून लातूरला अकरावीत घातलं. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि ज्याच्या घराला वरचा मजला त्याचं हॉस्टेल होत होतं. मी बायोलॉजी घेतली, गणित सोडलं. डॉक्टर व्हायचं, एवढंच घरात ठरलं होतं. त्यापुढचं कुणाला ठाऊक असणार?

खोलीत माझ्या जोडीला नांदेडची मुलगी आली. तिची आई डॉक्टर, वडील इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला. तिनं दोन्ही ग्रुप घेतले होते, बायोलॉजीही आणि गणितही. म्हणजे डॉक्टरकीचं दार उघडं आणि इंजिनिअरिंगचंही. रविवारी सकाळी टेस्ट व्हायची, सोमवारी दर ग्रुपच्या वेगळ्या फळ्यावर नंबर लागायचे. दोन्ही फळ्यांवर ती वर असायची. मी एकाच फळ्यावर, आणि तिथंही तिच्या खाली. मला तिचा हेवा वाटायचा. मी तो लपवला नाही, तिलाही तो दिसायचा.

त्यात भर म्हणजे ती स्वभावानं चांगली होती. वाईट असती तर बरं झालं असतं.

तिच्या मामेभावानं तिला हैदराबादहून एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. ते एका खेळाचं होतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि वार बसला का, मंत्र लागला का, ते फाशावर ठरतं. खेळत गेलं तशी ज्याची त्याची पायरी चढते आणि मोठे मंत्र मिळतात. फासा वीस बाजूंचा लागायचा. तो आमच्याकडं नव्हता, म्हणून आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या पेल्यात टाकल्या. गोष्ट सांगायची ती शेजारच्या खोलीतली उदगीरची ताई. आदल्या साली दोन्ही ग्रुप घेऊन ती दोन्हीकडून हुकली होती, आता बारावी परत देत होती. टेस्ट झाली की रविवारी दुपारी आम्ही खेळायचो. भोकरची एक मुलगी तलवारवाली झाली. मी जादूगारीण झाले, कारण त्या पुस्तकात जादूगार सगळे मंत्र वाचून शिकतो. तो पेशा माझा होता.

नांदेडवालीनं इथंही दोन घेतले. निम्मी जादूगारीण, निम्मी पुजारीण. पुस्तकातूनही मंत्र, देवाकडूनही मंत्र. तलवारवालीला लागलं की ती जखम भरायची, आणि पुढच्या डावात आगीचा गोळाही फेकायची. मी गोळा काढेपर्यंत हिचा फेकून झालेला. तलवारवाली तर तोंड उघडलं की हिचंच नाव घ्यायची.

"मी पण हाय की इथं," मी एकदा म्हणाले.

"हाव, दिसतीस की," तलवारवाली म्हणाली. "पण तुला मलम लावता येत न्हाई ना, बाई."

मग मी ठरवलं, आपणही दोन्ही धरायचे. खेळातही आणि खऱ्यातही. दिवाळीपर्यंत विषय बदलायची मुभा होती. ऑफिसात जाऊन विचारून आले, गणित वाढवता येत होतं. बापाला एसटीडीवरून फोन लावला.

"गणित घेतल्यानं काय होतंय?" बापानं विचारलं.

"इंजिनिअरिंगचंही दार उघडतंय," मी म्हणाले. खरं उत्तर माझ्या शेजारच्या कॉटवर झोपत होतं.

"तुला झेपत असंल तर घे," तो म्हणाला. "आमाला त्यातलं काय कळतंय."

खेळात पुजारीण व्हायचं म्हटल्यावर ताई हसली. "तुमच्या घरी तर देव्हारा बी न्हाई. कुठल्या देवाची पुजारीण होतीस?"

"पुस्तकात बघते. बिनदेवाची काही सोय असेल."

ते बघायला म्हणून मी शब्दकोश घेऊन बसले. तोवर ते पुस्तक आम्ही कुणीच पुरतं वाचलं नव्हतं. नांदेडवाली चाळायची आणि तोंडी सांगायची, ताई त्यावर खेळवायची. दोन पेशांचं प्रकरण मी एकटीनं ओळीओळीनं लावलं. देवाची सोय राहिली बाजूला, मला भलतंच सापडलं.

रविवारी आम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दारात होतो. दारात राक्षस. नांदेडवालीनं नेहमीसारखा पेल्यात हात घातला. "आगीचा गोळा."

"तुला तो येत नाही," मी म्हणाले.

"काय म्हणून? सहावी पायरी आहे माझी. गोळा पाचवीला मिळतो."

"सहा नाही. जादूगारीण तीन, पुजारीण तीन. मंत्राला बेरीज चालत नाही. वाच."

पुस्तक ताईकडं गेलं. तिनं बोट ठेवून वाचलं, मग परत वाचलं. चूक आमची सगळ्यांची होती आणि ती लातुरात राहणाऱ्यांनीच करावी अशी होती. आम्ही सगळं बेरजेवर मोजायचो. ग्रुपची टोटल किती, यापलीकडं आम्हाला मोजमापच नव्हतं. म्हणून तिच्या पायऱ्यांचीही टोटल मारली आणि तिला दोन्हीकडचे सहावीचे मंत्र देऊन बसलो.

"बरोबर हाय हिचं," ताई म्हणाली. "अंगातली ताकद दोन्ही पेशांची मिळून, फिजिक्स-केमिस्ट्री दोन्ही ग्रुपात धरतात तशी. मंत्र मात्र ज्याचे त्याचे. बायोचे मार्क इंजिनिअरिंगला कोण धरतंय?"

"म्हंजे इतके दिवस आपण हिच्या फुकटच्या गोळ्यावर जगून राहिलो?" तलवारवाली म्हणाली.

नांदेडवाली चिडेल असं मला वाटलं होतं, मी त्याचीच वाट बघत होते. ती तलवारवालीकडं बोट करून म्हणाली, "बरं. मग मी हिची जखम भरते. गोळा तू फेक."

मी फेकला. चिठ्ठी अठराची निघाली, राक्षस दारातच पडला. मला झालेला आनंद मी अजून विसरले नाही.

खेळ आवरताना ताईनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "आता तू पुजारीण झालीस, तर जादूगारणीचा पुढचा मंत्र कधी येईल? मोज."

"उशिरा येईल."

"आन् बारावी थांबणार हाय का त्याच्यासाठी? गेल्या साली मला हे कुणी मोजून दिलं न्हाई."

ती खेळाबद्दल बोलत नव्हती, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळलं. सोमवारी गणिताचा अर्ज द्यायला मी ऑफिसात गेले नाही. दिवाळी झाली, मुभा संपली.

हा नियम खऱ्या आयुष्यातही चालला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बारावीनंतर नांदेडवालीचं नाव दोन्ही याद्यांत लागलं. तिनं मेडिकल घेतलं आणि इंजिनिअरिंगची सीट एखादं नको असलेलं ताट सरकवावं तशी सोडून दिली. पुस्तकातल्या पायऱ्या सगळ्यांच्या खालून सुरू होतात. ती आली तेव्हाच चार पायऱ्या वर होती. मला अजून हेवा वाटतो, तो तिच्या मार्कांचा नाही. एक दार बंद न करता दुसऱ्यातून आत जाता येतं, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, त्याचा.

मेडिकलच्या यादीत माझं नाव थोडक्यात राहिलं. पशुवैद्यकीयच्या यादीत लागलं. गणित घेतलं असतं तर माझ्या बायोलॉजीचे मार्क तेवढेही राहिले नसते, हे मी मोजून सांगू शकते. मी ती पदवी पहिल्या वर्गात घेतली. आज मी जनावरांची डॉक्टर आहे, आणि आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.