पाच स्टुलं, चार खुर्च्या

शाळेत तिला सगळे ‘अडलंबाई’ म्हणत. बाकीच्या बाई मुलांना विचारत, “आलं का उत्तर?” ही विचारायची, “कुठं अडलं?” शनिवारी शाळा सुटली की ती शिक्षकांनाच गणितं घालायची आणि भल्याभल्यांना घाम फोडायची. पहिल्या बाकावर कायम तिची धाकटी बहीण, शेजारच्याच वर्गाची शिक्षिका. ताईचा शब्द ती खाली पडू द्यायची नाही.

शनिवारचं हे शिकवणं वेळापत्रकात यावं म्हणून अडलंबाईने मुख्याध्यापकांच्या खोलीचा उंबरा झिजवला होता. शेवटी ते वैतागून म्हणाले, “बाहेरच्या शिक्षकांसमोर मुलांचा एक तास घेऊन दाखवा. त्यांना पटलं तर ठरलं.”

तिने गणित निवडलं: तीन पायांची स्टुलं आणि चार पायांच्या खुर्च्या, मिळून एकतीस पाय, तर स्टुलं किती, खुर्च्या किती? याची उत्तरं तीन निघतात. मुलं खोडतील, भांडतील, आपली आपण शोधतील, आणि ते पाहुण्यांनी पाहावं, एवढंच तिला हवं होतं. हा बेत तिने एकट्या धाकटीला सांगितला होता.

फळ्यावर गणित लिहून होतंय तोवर पाट्या वर! सगळ्यांवर पाच स्टुलं, चार खुर्च्या. खाडाखोड औषधालाही नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अडलंबाई पुढच्या बाकाशी वाकली.

“कुणाचं वेगळं?” तिने तिथल्या मुलीला हळूच विचारलं.

“काल धाकट्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं, बाई.” टाळ्यांत ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

तास सुटल्यावर तिने धाकटीला व्हरांड्यात गाठलं.

“का केलंस असं?”

“अगं ताई, पोरं गप्प बसली असती तर? चार लोकांत नाक कापलं गेलं असतं तुझं.”

“म्हणजे माझ्यावर विश्वासच नव्हता तुझा.”

“तुझ्यावर आहे गं. पोरांवर नाही.”

परक्याने केसाने गळा कापला असता तर अडलंबाईने दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. ही तर इतकी वर्षं समोर बसून मान डोलावत होती! तिला संताप आला, आणि त्याहून जास्त आपल्या शिकवण्याची लाज वाटली.

तेवढ्यात मुख्याध्यापक हसत आले. “मानलं बाई! शनिवारचा तास पक्का. बहिणीलाही घ्या मदतीला.”

धाकटीचा चेहरा खुलला.

“सर, मुलांना उत्तर कालच सांगून ठेवलं होतं,” अडलंबाई म्हणाली. “पाहुणे आहेत ना अजून? त्यांनाही सांगते.”

“ताई!” धाकटीने तिचा हात घट्ट धरला. “सख्ख्या बहिणीचं नाव घेशील?”

अडलंबाईने हात सोडवून घेतला आणि ती पाहुण्यांच्या खोलीकडे निघाली.